ऊदाच्या तारा, थोबाचा गळा: अरबी संगीत आणि पोशाख समजून घेताना

इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात तमाय अझ-झहायरा नावाचं एक खेडं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मशिदीचे इमाम आजूबाजूच्या गावांत लग्नाकार्यांना आणि सणांना धार्मिक गाणी म्हणत फिरायचे. आपल्या मुलीचा गळा विलक्षण आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी तिलाही बरोबर न्यायला सुरुवात केली, पण मुलाच्या वेशात. अंगावर बेदुईन पुरुषांचा अंगरखा, डोक्यावर रुमाल आणि तो जागेवर बसवणारा काळा गोफ. ही मुलगी म्हणजे पुढे साऱ्या अरब जगात गाजलेल्या गायिका उम्म कुलसूम. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कैरोत राहायला आल्या तेव्हाही काही काळ हाच वेश होता. साथीला वडील आणि भाऊ, वाद्य एकही नाही. 1926च्या सुमाराला दोन्ही गोष्टी बरोबरच बदलल्या. घरच्या साथीदारांच्या जागी शहरातले नामवंत वादक बसले, आणि अंगरख्याच्या जागी कैरोतल्या प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया घालत तसे लांब झगे आले.

अरबी संगीत आणि अरबी पोशाख हे दोन विषय एकत्र का समजून घ्यावेत, याचं उत्तर मला या एका बदलात दिसतं. गाणारा कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, कुणासाठी गातोय, हे श्रोत्यांना सुरांवरून कळायचं तसंच कपड्यांवरूनही कळायचं. अरब लीगमध्ये 22 देश आहेत. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत पसरलेल्या या प्रदेशाला आपण सरसकट एकच पांढरा झगा आणि एकच 'वाळवंटी' धून देऊन टाकतो. प्रत्यक्षात तिथली सगळी ओळख बारीक फरकांत आहे: स्वर किती खाली ठेवला, गळ्याला कॉलर आहे की गोंडा, टाका कुठल्या गावचा. ते फरक दिसायला आणि ऐकू यायला लागले की विषय उलगडतो.

तख्त: पाचसहा जणांची बैठक

उम्म कुलसूम यांच्या मागे जे वादक येऊन बसले त्या छोट्या वाद्यवृंदाला तख्त म्हणतात. त्यात ऊद, कानून आणि व्हायोलिन ही तंतुवाद्यं, नाय ही बोरूची बासरी आणि रिक हा खंजिरीसारखा झांजा लावलेला डफ. गायक मध्यभागी. यात पाश्चात्त्य वाद्यवृंदासारखे वेगवेगळे स्वर एकावर एक रचलेले नसतात. सगळे जण एकच चाल वाजवतात, पण प्रत्येक जण आपल्या वाद्याच्या स्वभावाप्रमाणे. ऊदवादक एखादी जागा आघाताने भरतो, कानूनवाला तिथेच स्वरांची लड सोडतो, व्हायोलिन तो स्वर ओढून धरतो. सारंगी किंवा हार्मोनियमची साथ ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळेल: साथीदार गायकाच्या सावलीसारखा चालतो, पण सावली हुबेहूब नसते.

यात मुख्य वाद्य ऊद. अर्ध्या चिरलेल्या पेअरसारखा फुगीर पाठीचा भोपळा, आखूड दांडी आणि मागे वाकलेला खुंट्यांचा भाग. पाठ अखंड लाकडातून कोरत नाहीत. अक्रोड किंवा शिसवीसारख्या लाकडाच्या अगदी पातळ पट्ट्या उष्णतेने वाकवून साच्यावर शेजारी शेजारी चिकटवतात. वरची तबली स्प्रूस किंवा देवदाराच्या जातीच्या हलक्या लाकडाची. त्यामुळे एवढं मोठं दिसणारं वाद्य हातात घेतलं की आश्चर्य वाटावं इतकं हलकं असतं. तारा बहुधा अकरा: पाच जोड्या आणि एक सुटी खर्जाची. लांब, लवचीक पट्टीने त्या छेडतात. तिला रीशा म्हणतात. पूर्वी ती गरुडाच्या पिसाची असे, आता बहुतेक वेळा प्लास्टिकची असते.

ऊदाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच्या दांडीवर काय नाही. तिथे पडदे नाहीत. सतारीला किंवा गिटारला पडदे असतात, त्यामुळे बोट कुठे ठेवायचं ते ठरलेलं असतं. ऊदावर बोट कुठेही ठेवता येतं, आणि म्हणून स्वर नेमका कुठे हे वादकाचा कान ठरवतो. युरोपातलं ल्यूट हे वाद्य ऊदापासूनच आलं. पण तिथे त्याला पडदे बसले, आणि दोघांचे रस्ते वेगळे झाले.

कानूनची गोष्ट नेमकी उलटी आहे. मांडीवर किंवा मेजावर आडवं ठेवायचं समलंब चौकोनी वाद्य, साधारण 78 तारा, तीन तीनच्या 26 संचांत. एका संचातल्या तिन्ही तारा एकाच स्वराला मिळवलेल्या. घोडीखाली माशाचं कातडं ताणलेलं असतं, त्यामुळे आवाजाला ती खास झणझणीत चमक येते. दोन्ही तर्जन्यांवर अंगठ्या आणि त्यांत अडकवलेल्या नख्या. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त स्वरमंडलाचं वर्णन करताना ते कानूनसारखं असल्याचं नोंदवलं आहे. किशोरी आमोणकरांच्या मांडीवर जे वाद्य आपण पाहिलं, त्याचं हे दूरचं भावंड. फरक इतकाच की आपल्याकडे स्वरमंडल सुरांची पार्श्वभूमी धरतं, आणि तिथे कानून स्वतः बोलतो.

पण कानूनच्या तारा एकदा जुळवल्या की जुळवल्या. वाजवता वाजवता स्वर बदलायचा तर? जुने वादक डाव्या अंगठ्याचं नख तारेच्या टोकाशी दाबून स्वर चढवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातून धातूच्या छोट्या कळा आल्या. प्रत्येक संचाजवळ अशा काही कळा असतात. कळ उभी केली की तारेची लांबी जराशी कमी होते आणि स्वर किंचित चढतो. कानूनवादकाचा डावा हात सारखा कडेला धावताना दिसतो तो यासाठीच.

व्हायोलिन एकोणिसाव्या शतकात आलं आणि जुन्या तंतुवाद्यांच्या जागी बसलं. अरबांनी ते जसंच्या तसं घेतलं नाही. तारा वेगळ्या जुळवल्या, म्हणजे सा-प-सा-प अशी जोडी मिळते आणि मोकळ्या तारेचा षड्ज सतत हाताशी राहतो. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुळलं तेव्हा तिथल्या वादकांनीही हेच केलं. दोन संस्कृतींनी एकाच परक्या वाद्याला स्वतंत्रपणे जवळपास एकाच पद्धतीने आपलंसं करावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मकाम: राग ओळखणाऱ्यांसाठी सोपा रस्ता

अरबी संगीताचा पाया मकाम. ढोबळमानाने मकाम म्हणजे आपला राग म्हटलं तर सुरुवातीला चालेल, पुढे मात्र दोघांत महत्त्वाचे फरक आहेत.

मकाम तुकड्यांतून बनतो. साधारण चार स्वरांचा एक तुकडा, त्याला जिन्स म्हणतात. खाली एक जिन्स, त्यावर दुसरा, असं सप्तक उभं राहतं. आपल्याकडे पूर्वांग-उत्तरांग म्हणतो ती कल्पना डोळ्यांसमोर आणा. हिजाज या जिन्सचे स्वर आहेत सा, कोमल रे, शुद्ध ग, म. म्हणजे थेट भैरवाचं पूर्वांग. त्यावर प, कोमल ध, कोमल नि असं उत्तरांग घेतलं की आपला बसंतमुखारी उभा राहतो. काही कलाकार त्या रागाला हिजाज भैरव असंही म्हणतात. कुर्द या जिन्समध्ये सा, कोमल रे, कोमल ग, म, म्हणजे भैरवीची सुरुवात. अजम म्हणजे सा रे ग म, बिलावल. इथवर मराठी कानाला काहीच परकं नाही.

खरी गंमत रास्त आणि बयाती या मकामांत आहे. रास्तमधला गंधार कोमल नाही आणि शुद्धही नाही. तो दोघांच्या मधे कुठेतरी असतो. बयातीमधला ऋषभ तसाच, कोमल आणि शुद्ध यांच्या मधला. पहिल्यांदा ऐकताना वाद्य बेसूर आहे की काय असं वाटतं. आपल्यालाही श्रुती माहीत आहेत, दरबारीतला गंधार आणि तोडीतला गंधार एकच नाहीत हे आपण जाणतो. पण दरबारीत तो गंधार आंदोलत असतो, एका जागी थांबत नाही. रास्तमध्ये हा मधला गंधार ठामपणे उभा राहतो. त्यावर न्यास करतात, चाल संपवतात, त्याच्यापासून नवा मकाम सुरू करतात.

आणि तो मधला म्हणजे नेमका किती? इथेच प्रदेश बोलायला लागतो. कैरोतला वादक तो किंचित खाली ठेवतो, सीरियातल्या अलेप्पोतला जरा वर, तुर्कस्तानात आणखी वर. एकाच गावात एकाच वादकाच्या हातून रास्तमधला हा स्वर बयातीमधल्यापेक्षा थोडा चढा लागतो. जाणता श्रोता दोन मिनिटांत सांगतो की वादक कुठे शिकला.

1932 साली इजिप्तचे राजे पहिले फुआद यांच्या आश्रयाखाली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ, कुर्ट झाक्स असे युरोपातले संगीतकार आणि अभ्यासक आले होते. मोरोक्कोपासून इराकपर्यंतच्या वादकांची ध्वनिमुद्रणं झाली, जी आज अमूल्य आहेत. तिथला एक मोठा वाद असा होता: सप्तकाचे 24 समान भाग करून हे सगळे मधले स्वर एकदाचे पक्के करावेत का? आणि तसं केलं तर पियानो अरबी संगीतात घ्यावा का? काही आधुनिकतावादी इजिप्शियन मंडळींना ते हवं होतं. गंमत म्हणजे अनेक युरोपीय पाहुणेच पियानोच्या विरोधात होते. एकमत झालं नाही. कागदावर 24 भागांची पद्धत लिहिण्यापुरती रूढ झाली, पण वाजवणारे कानानेच वाजवत राहिले.

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971पर्यंत टिकली. कारण हेच: ठरलेल्या पट्ट्यांच्या वाद्याने श्रुती आणि मींड मारली जाते. नाट्यसंगीतावर आणि पेटीवर जीव असलेल्या महाराष्ट्राला ती बंदी बोचली. कैरोतही पियानो बाहेर राहिला नाही. पुढे चित्रपट आले, रेडिओ आला, वाद्यवृंद वाढत गेले. 1964 साली इजिप्तचे संगीतकार मोहम्मद अब्देल वहाब यांनी उम्म कुलसूम यांच्यासाठी पहिल्यांदा चाल बांधली, त्यात चक्क इलेक्ट्रिक गिटार होती. मला स्वतःला मोठ्या वाद्यवृंदापेक्षा तख्त जास्त आवडतं. वीस व्हायोलिनना एकच चाल वाजवायची असेल तर सगळ्यांना एकच जागा घ्यावी लागते, आणि मग प्रत्येकाची आपली आपली ती सावली पुसली जाते.

तकसीम आणि तरब

एकट्या वाद्यावर, तालाशिवाय, जागच्या जागी रचत वाजवण्याला तकसीम म्हणतात. आपला आलाप, जवळजवळ. वादक खालच्या जिन्समध्ये सुरुवात करतो, मुख्य स्वर ठसवतो, हळूहळू वर चढतो. मग तो असं काही करतो जे आपल्याकडे रागाची मर्यादा मोडणं ठरेल: दुसऱ्या मकामात जातो. तिथून कदाचित तिसऱ्या. तिथे हा दोष मानत नाहीत, हेच कौशल्य. किती सहज बाहेर गेला आणि कसा परतला, यावर वादकाची पारख होते. शेवटी तो मूळ मकामात येऊन विसावतो.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक उतरण असते, तिला कफ्ला म्हणतात. ती चांगली जमली की श्रोते 'अल्लाह!' किंवा 'या सलाम!' म्हणतात, आपण समेवर 'क्या बात है' म्हणतो तसं. जाणत्या श्रोत्यांच्या वर्गाला सम्मीआ असं स्वतंत्र नाव आहे, आणि गायक-वादक आणि श्रोते यांच्यात मिळून जी भारलेली अवस्था तयार होते तिला तरब. उम्म कुलसूम यांच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या मैफली रेडिओवरून साऱ्या अरब जगात ऐकल्या जायच्या. एकेक गाणं तासभर किंवा त्याहून जास्त चालायचं, कारण श्रोते एखादी ओळ पुन्हा मागत आणि त्या ती प्रत्येक वेळी नव्याने म्हणत. त्यांच्या मागे कित्येक वर्षं ऊद घेऊन बसणारे मोहम्मद अल-कसब्जी स्वतः मोठे संगीतकार होते. 1966 साली निधन होईपर्यंत ते त्या वाद्यवृंदात वाजवत राहिले.

गाण्याच्या मागे बसलेल्या ऊदाला एकट्याने मंचावर बसवण्याचं काम प्रामुख्याने बगदादने केलं. 1930च्या दशकात तिथे संगीताचं विद्यालय सुरू झालं आणि इस्तंबूलचे शरीफ मुहीयुद्दीन हैदर तिथे शिकवायला आले. जमील बशीर आणि त्यांचे धाकटे भाऊ मुनीर बशीर हे त्यांचे शिष्य. मोसुलमध्ये 1930 साली जन्मलेले मुनीर बशीर केवळ तकसीमवर सबंध मैफल उभी करायचे. बगदादचे कारागीर मोहम्मद फादेल यांनी बनवलेल्या ऊदात तारा तबलीवरच्या पट्टीला न बांधता वाद्याच्या टोकाशी अडकवलेल्या असतात, आणि घोडी नुसती दाबाने उभी राहते. त्यामुळे ताण जास्त देता येतो, आवाज स्पष्ट आणि लांब टिकणारा मिळतो. मुनीर बशीर यांच्या त्या शांत, थांबत थांबत जाणाऱ्या शैलीला हेच वाद्य लागत होतं.

बगदादचा उल्लेख आला की एक दुःखाची गोष्टही सांगायला हवी. इराकी शहरी संगीताचे कितीतरी वादक ज्यू होते. 1932च्या कैरो परिषदेत इराकचा गायक मुसलमान होता, पण त्याचे वादक जवळजवळ सगळे ज्यू. सालेह आणि दाऊद अल-कुवैती या कुवेतमध्ये जन्मलेल्या भावांनी, एकाने व्हायोलिन आणि दुसऱ्याने ऊद वाजवत, आधुनिक इराकी गाण्याला आकार दिला. लहानपणी त्यांना ही वाद्यं हिंदुस्थानातून परतलेल्या नातेवाइकाने आणून दिली होती, असं सांगतात. 1950-51मध्ये इराकमधल्या बहुतेक ज्यूंना देश सोडावा लागला. या भावांच्या चाली रेडिओवर वाजत राहिल्या, नावं मात्र गाळली गेली.

गळा, गोंडा आणि गोफ

आता पोशाख. आखाती देशांतला पायघोळ पांढरा झगा लांबून एकसारखा दिसतो. जवळून पाहा. सौदी थोबला बहुधा ताठ उभी कॉलर असते आणि मनगटाला कफलिंक्स. अमिरातीतल्या कंदुऱ्याला कॉलरच नसते, गळ्यापासून लांब गोंडा लोंबतो. ओमानी दिशदाशालाही कॉलर नाही, पण गोंडा आखूड आणि एका बाजूला, आणि तो अत्तरात बुडवायची रीत आहे. ओमानी माणूस डोक्यावर कशिदा केलेली कुम्मा टोपी घालतो, किंवा तिच्यावर मसर नावाचा फेटा गुंडाळतो. चांगला मसर काश्मिरी लोकरीचा असतो. समारंभाला कमरेला चांदीकाम केलेला खंजर. तो ओमानच्या झेंड्यावरही आहे.

बाकीच्या आखातात डोक्यावर पांढरा गुत्रा किंवा लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शिमाग, आत छोटी विणलेली टोपी आणि वर काळा गोफ, म्हणजे अगाल. उंटाचे पाय बांधायच्या दोरीपासून अगाल आला, अशी समजूत सगळीकडे सांगतात. कतारमध्ये अगालच्या मागे दोन शेपट्या सोडायची पद्धत आहे. सणासमारंभाला या सगळ्यावर बिश्त: तलम लोकरी कापडाचा, सोनेरी जरीच्या काठाचा पायघोळ अंगरखा. सौदी अरबच्या पूर्वेकडच्या अल-अहसा भागातलं बिश्तचं हातकाम सगळ्यात नावाजलेलं. 18 डिसेंबर 2022ला विश्वचषक उचलण्याआधी लिओनेल मेस्सीच्या खांद्यांवर कतारच्या अमिरांनी जो काळा झिरझिरीत अंगरखा घातला, तो हाच. जगभरात त्यावर वाद झाला. ज्याचा सर्वोच्च मान करायचा त्याला बिश्त घालतात, एवढं माहीत असतं तर अर्धा वाद झालाच नसता.

बेदुईन जगात तंतुवाद्य एकच, आणि त्याला तारही एकच: रबाबा. लाकडी चौकटीवर कातडं ताणलेलं, घोड्याच्या केसांची एक तार आणि घोड्याच्याच केसांचा गज. कवी स्वतःच ते वाजवतो आणि ओळी म्हणतो. तंबूत शेकोटीभोवती कॉफी फिरत असते. तंबूचं कापड बायकांनी बकरीच्या केसांपासून विणलेलं, आतल्या पडद्यांवर सदू विणकामाचे लाल-काळे पट्टे. दक्षिण इजिप्तमध्ये रबाबाचं रूप बदलतं: नारळाच्या करवंटीचं शरीर, दोन तारा. तिथे गलबिया हा सैल झगा आणि फेटा घातलेले शाहीर बनू हिलाल टोळीच्या स्थलांतराचं महाकाव्य रात्र रात्र गातात. ते 2008 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

कुवेतच्या गाण्यात मुंबई

आपला खराखुरा धागा कुवेत आणि बहरीनमधल्या सौत या गायनप्रकारात आहे. ऊद, मिरवास नावाचे हातात मावणारे छोटे ढोल, गुंतागुंतीच्या टाळ्या आणि अभिजात किंवा बोलीभाषेतली कविता. कुवेती सौतचे जनक मानले जाणारे अब्दुल्ला अल-फरज हे एकोणिसाव्या शतकातले कवी-संगीतकार मुंबईत वाढले. वडील व्यापारी होते. संगीताचं शिक्षण त्यांनी इथेच घेतलं आणि नंतर कुवेतला परतून सौतला रूप दिलं.

यात नवल नाही. आखाताचे मोती विकले जायचे ते मुंबईच्या बाजारात. कापड, तांदूळ, मसाले, होड्यांचं सागवान आपल्या किनाऱ्यावरून जायचं. 1960च्या दशकापर्यंत आखाताच्या बऱ्याच भागात भारतीय रुपयाच चालत होता. आज सौतच्या मैफलीत दिशदाशा घातलेले वादक जमिनीवर ओळीने बसलेले दिसतात तेव्हा त्या बैठकीत एकेकाळच्या मुंबईचा वाटा आहे, हे मराठी माणसाला ठाऊक असायला हवं.

दुसरा धागा मराठवाड्यात आहे. येमेनमधल्या हद्रमौतचे अरब निजामाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. नांदेड, परभणी, औरंगाबादकडची चाऊस घराणी त्यांचीच. हद्रमौतचे पुरुष आजही कमरेला लुंगीसारखी फुता गुंडाळतात. येमेनचं जुनं तंतुवाद्य कंबूस हे कातड्याने मढवलेलं, एका लाकडातून कोरलेलं छोटं ऊद. हद्रमी व्यापाऱ्यांबरोबर ते पार मलेशिया-इंडोनेशियापर्यंत गेलं आणि तिथे गंबूस झालं.

टाके आणि नकाशा

पोशाखात सगळ्यात जास्त मजकूर कुठे लिहिलेला असेल तर पॅलेस्टिनी स्त्रियांच्या थोबवर, म्हणजे भरतकाम केलेल्या पायघोळ झग्यावर. तत्रीझ म्हणजे मुख्यतः फुलीच्या टाक्याचं भरतकाम. 1948पूर्वी छातीवरची चौकट, बाजूचे पट्टे, रेशमाचा रंग यावरून बाई कुठल्या भागातली, बऱ्याचदा कुठल्या गावची, हे ओळखता यायचं. रामल्लाचं काम पांढऱ्या किंवा नैसर्गिक रंगाच्या कापडावर गडद लाल रेशमात. बेथलेहेमचं वेगळं: दोरा कापडावर ठेवून वरून बारीक टाके घालायचे, त्यामुळे नक्षी उठून दिसते. गाझाजवळच्या मजदलची ओळख भरतकामापेक्षा तिथल्या मागावरच्या पट्ट्यांच्या कापडात. सरूचं झाड, ताईत, पाशाचा तंबू अशी नक्ष्यांची नावं आयांकडून मुलींकडे गेली.

1948मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात त्यातली कितीतरी गावं उजाड झाली आणि वेगवेगळ्या गावांच्या बायका निर्वासितांच्या छावण्यांत शेजारी राहायला लागल्या. नक्ष्या एकमेकींत मिसळल्या, महाग रेशमाऐवजी सुती दोरा आला, नवी रचना जन्मली. 1987च्या इस्रायलविरोधी उठावात पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला बंदी होती, तेव्हा बायकांनी झेंड्याचे रंग आणि नकाशा थोबवरच भरले. झेंडा काढून घेता येतो, अंगावरचा पोशाख कसा काढून घेणार? काळी-पांढरी कुफिया, म्हणजे डोक्याचा चौकड्यांचा रुमाल, हीही अशीच बदलली. ती शेतकऱ्यांची आणि बेदुईनांची होती. शहरी पुरुष तरबूश ही तांबडी उंच टोपी घालत. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या 1936-39च्या उठावात, 1938 साली, बंडखोरांनी शहरी पुरुषांनाही कुफिया घालायला सांगितली, म्हणजे गर्दीत खेड्यातला बंडखोर ओळखू येऊ नये. एका वर्गाचा रुमाल सगळ्या समाजाचा झाला तो तिथून. तत्रीझची नोंद युनेस्कोने 2021 साली केली, आणि पुढच्याच वर्षी सीरिया आणि इराणमधलं ऊद बनवण्याचं आणि वाजवण्याचं कौशल्य त्या यादीत आलं.

पश्चिम टोकाला, मोरोक्कोत, पोशाख आणि संगीत आजही एकाच शिस्तीत चालतात. स्पेनमधल्या मुस्लिम राज्यांच्या पडझडीनंतर तिथलं दरबारी संगीत फेझ, तेतुआन यांसारख्या शहरांत टिकलं. त्याच्या मोठ्या रचनांना नूबा म्हणतात आणि मोरोक्कोत आज 11 नूबा शिल्लक आहेत. वादक पांढरे जल्लाबा (टोपडं असलेले पायघोळ झगे), लाल तरबूश आणि पिवळ्या चामडी सपाता घालून बसतात, आणि व्हायोलिन खांद्याला न लावता मांडीवर उभं धरतात. या परंपरेचा मूळपुरुष म्हणून झिर्याब या गायक-ऊदवादकाचं नाव घेतात. 822 साली तो बगदादकडून स्पेनमधल्या कॉर्दोबाला पोहोचला. ऊदाला पाचवी तार लावली, पिसाची रीशा आणली, आणि उन्हाळ्यात पांढरे तर इतर ऋतूंत रंगीत कपडे घालायची रीत पाडली, असं सगळं श्रेय त्याला दिलं जातं. यातलं बरंच नंतरच्या लेखकांनी रंगवलेलं असावं. तरी ऊद आणि कपडे या दोन्हींची सुधारणा लोकांनी एकाच माणसाच्या नावावर जमा केली, यावरून त्यांच्या मनात या दोन गोष्टी किती जवळ होत्या ते कळतं.

ऐकायला कुठून सुरुवात करावी

मुनीर बशीर यांची तकसीम घ्या, शक्यतो रात्री, दुसरं काही न करता. आधी मुख्य स्वर ओळखा. मग तो मधला गंधार किंवा ऋषभ शोधा. पहिल्या एकदोन वेळा तो खटकेल, खटकू द्या. त्यानंतर नाझरेथच्या जुब्रान बंधूंचे तीन ऊद एकत्र ऐका. वाद्य बनवणाऱ्या घराण्यातले हे तिघे भाऊ, त्यातला विस्साम स्वतः कारागीर आहे. मग कुवेती सौतचं एखादं ध्वनिचित्रमुद्रण पाहा, टाळ्या कोण कशा विभागून घेतो ते मोजत. उम्म कुलसूम शेवटी. त्यांची मैफल घाईत ऐकण्यासारखी नाही.

पर्यटकांसाठीच्या वाळवंटातल्या कार्यक्रमांत मात्र हे शोधू नका. तिथे बेदुईन रुमाल, इजिप्तचं नृत्य आणि तुर्की चाल एकाच ताटात वाढतात आणि त्याला अरबी संस्कृती म्हणतात. अबू धाबीत किंवा दुबईत राहणाऱ्यांसाठी चांगला रस्ता वेगळा आहे. इराकी ऊदवादक नसीर शम्मा यांनी कैरोत सुरू केलेल्या 'बैत अल-ऊद'ची शाखा 2008 साली अबू धाबीत निघाली. तिथे ऊद आणि कानून शिकवतात आणि वाद्य बनवण्याची कार्यशाळाही चालते. गाण्याची तालीम झालेला मराठी कान तिथे उपयोगाला येईल, फक्त गंधाराच्या बाबतीत गुरुजी सांगतील ते आधी ऐकून घ्यावं लागेल.